‘ओरिएंटेशन’मधली पूर्व

प्रश्न असा होता: ‘ओरिएंट’ म्हणजे पूर्व, तर दिशा ठरवण्याला ‘ओरिएंटेशन’ का म्हणतात? आणि त्याला मराठी शब्द कोणता?

लॅटिन ‘ओरिएन्स’ म्हणजे उगवणारा. त्यावरून सूर्य उगवतो ती दिशा. फ्रेंचमध्ये त्याचं क्रियापद झालं, पूर्वेकडे तोंड करून मांडणे. युरोपात चर्चची वेदी पूर्वेला ठेवायची प्रथा होती, आणि तिथले मध्ययुगीन जगाचे नकाशेही बहुधा पूर्व वर धरूनच काढलेले असत.

इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये सुमारे १३०० सालचा असा एक नकाशा आहे. एका अख्ख्या कातड्यावर काढलेला, दीड मीटरहून उंच. सगळ्यात वर, म्हणजे पूर्वेच्या टोकाला, नंदनवन, मधोमध जेरुसलेम. वरचा अर्धा भाग आशियाचा, खाली डावीकडे युरोप, उजवीकडे आफ्रिका. (तो लिहिणाऱ्याने युरोप आणि आफ्रिका ही नावं मात्र एकमेकांच्या जागी घातली आहेत!) वाट दाखवणं हे या नकाशाचं काम नव्हतंच. सृष्टीच्या आरंभापासूनचा इतिहास त्यात मांडला होता, आणि तो आरंभ पूर्वेला, म्हणून पूर्व माथ्यावर.

आता गंमत पाहा. या नकाशात दक्षिण उजव्या हाताला येते, आणि संस्कृतात ‘दक्षिण’चा एक अर्थच मुळी ‘उजवा’ आहे. ‘प्रदक्षिणा’ आठवा, देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं. ‘पूर्व’ म्हणजे पुढचं, ‘पश्चिम’ म्हणजे मागचं. उगवतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाने ठेवलेली ही नावं आहेत. उत्तर वर असलेल्या आजच्या नकाशापेक्षा हेरफर्डच्या नकाशावर ती चपखल बसतात. दोन्हीकडचे लोक एकमेकांकडून शिकले असं मला मुळीच म्हणायचं नाही. सूर्य दोघांनाही तिथेच उगवताना दिसत होता, एवढंच.

मराठी शब्दाबद्दल: शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदीच्या मोजमापाचे नियम सांगणाऱ्या जुन्या संस्कृत ग्रंथांत, यज्ञवेदी मांडण्यापूर्वी शंकू, म्हणजे खुंटी, रोवून, त्याभोवती वर्तुळ काढून, सावलीचं टोक सकाळी आणि दुपारनंतर वर्तुळाला जिथे टेकेल ते बिंदू जोडून पूर्व-पश्चिम रेषा काढायला सांगितली आहे. ‘प्राची’ म्हणजे पूर्व, म्हणून या कृतीला ‘प्राचीसाधन’ म्हणतात. ‘ओरिएंटेशन’च्या मूळ अर्थाला इतका जवळचा दुसरा शब्द मला सापडलेला नाही. इमारतीबद्दल बोलताना ‘अभिमुखता’ पुरेल, कॉलेजातल्या ओरिएंटेशनला ‘उद्बोधन वर्ग’ म्हणावं. पण मंदिर, वेदी, जुने नकाशे यांच्याबद्दल लिहीत असाल तर ‘प्राचीसाधन’ जरूर वापरा.