आधी पाण्याचे तापमान पाहा, मग फ्लाय निवडा

प्रश्न : मी नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये राहतो. डी नदीवर एप्रिलच्या शेवटी सॅमन गरवायला येण्याचे निमंत्रण सहकाऱ्यांनी दिले आहे. नदीत शिरलेला सॅमन काहीच खात नाही, असे तेच सांगतात. मग तो फ्लाय, म्हणजे गळावर केस-पिसे बांधून केलेला कृत्रिम किडा, तोंडात का घेतो? आणि हंगामात कोणती फ्लाय केव्हा वापरावी?
— एक वाचक, ॲबर्डीन

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. अटलांटिक महासागरात पोट भरून घेतलेला सॅमन अंडी घालण्यासाठी आपल्या जन्माच्या नदीत परततो, तेव्हापासून त्याचे खाणे थांबते, आतडे आक्रसते आणि पुढचे कित्येक महिने तो अंगातल्या चरबीवर काढतो. फेब्रुवारीत नदीत आलेला मासा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अंडी घालतो. म्हणजे जवळजवळ पूर्ण हंगाम तो उपाशी असतो. तरीही तो फ्लायवर झेपावतो, आणि त्याची कारणे सांगताना अनुभवी लोक पिल्लू असताना नदीत किडे पकडून खाण्याची जुनी सवय, डोहातल्या आपल्या जागेत घुसलेल्या वस्तूबद्दलचा राग आणि निव्वळ कुतूहल, या तिन्हींचा उल्लेख करतात. माझा कल पहिल्या कारणाकडे आहे. मात्र एक गोष्ट सगळेच मान्य करतात : समुद्रातून नुकताच आलेला आणि नुकताच नव्या डोहात शिरलेला मासा फ्लाय चटकन घेतो, तर त्याच डोहात आठवडेच्या आठवडे पडून राहिलेला मासा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून पूर येऊन गेल्यावर पाणी उतरू लागते आणि निवळू लागते, ते दिवस सर्वांत मोलाचे.

हंगामाचा विचार करताना कॅलेंडरपेक्षा थर्मामीटरवर अधिक विसंबावे, असा माझा आग्रह आहे. पाणी साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली असते, तेव्हा मासा तळाजवळ राहतो आणि वर येण्याचे कष्ट घेत नाही. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये बुडणारी दोरी आणि पितळी किंवा तांब्याच्या नळीवर बांधलेली, दीड ते दोन इंचांची जड फ्लाय वापरतात. काळ्या, पिवळ्या आणि नारिंगी केसांची ‘विली गन’ ही या काळातली विश्वासाची फ्लाय आहे. पाणी १० अंशांच्या वर गेले की तरंगणारी दोरी आणि आठ ते बारा क्रमांकाच्या गळावरची लहान, काळी ‘स्टोट्स टेल’ पुरते. गळाचा क्रमांक जितका मोठा, तितका गळ लहान, हे लक्षात असू द्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी कमी आणि स्वच्छ असते. तेव्हा फ्लाय आणखी लहान करावी आणि पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच नदीवर जावे. सप्टेंबरपासून माशाचा रंग तांबूस होऊ लागतो आणि लाल-नारिंगी फ्लाय त्याला अधिक चिडवते असा अनुभव आहे. पिटलोख्रीच्या ॲली गोवन्स यांची ‘ॲलीज श्रिंप’ याच कामासाठी प्रसिद्ध आहे.

आपण एप्रिलअखेर जाणार आहात, आणि तो नेमका सीमेवरचा काळ आहे. डी नदी केर्नगॉर्म पर्वतात उगम पावते, त्यामुळे वर बर्फ वितळत असेल तर ऊन पडले तरी पाणी थंडच राहते. दोन्ही प्रकारच्या दोऱ्या सोबत ठेवाव्यात आणि सकाळी प्रथम तापमान मोजावे. पाण्याच्या पृष्ठभागालगत लहान फ्लाय फिरवण्याची पद्धत आर्थर वुड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच नदीवर, बॅंकरीजवळच्या केर्नटन येथे विकसित केली. रेशमी दोरीला चरबी चोळून ती तरंगती ठेवणे हे त्या पद्धतीचे मर्म होते. आजच्या प्लॅस्टिकच्या दोरीला चरबी लागत नाही. परंतु दोरीला प्रवाहाने बाक आला की ती हलकेच उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायची, म्हणजे फ्लाय ओढली न जाता संथपणे फिरते, हा वुड यांचा धडा तेथे अजूनही गिरवला जातो.

आणखी एक सूचना. फ्लाय प्रवाहाच्या तिरक्या दिशेने खाली टाकून आपल्या काठाकडे वळू द्यावी, आणि ओढ जाणवली की काठी झटक्याने उचलू नये. सॅमन फ्लाय घेऊन वळतो, त्या वळण्यानेच गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. घाई केली तर फ्लाय तोंडातून निसटते. ट्राउट गरवण्याची सवय असलेल्यांना हे आवरणे फार कठीण जाते, कारण तेथे वेळ लावला तर मासा फ्लाय थुंकून टाकतो.

नियमांविषयी थोडक्यात : डी नदीचा सॅमन हंगाम १ फेब्रुवारी ते १५ ऑक्टोबर असतो, टे नदीचा १५ जानेवारीला सुरू होतो आणि ट्वीडचा ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन गरवता येत नाही. नदीवरील हक्कदाराची परवानगी नसताना सॅमन गरवणे हा तेथे गुन्हा आहे. १ एप्रिलपूर्वी पकडलेला प्रत्येक सॅमन सोडून द्यावाच लागतो, आणि डी नदीवर तर पूर्ण हंगामभर सोडून देण्याचीच रीत आहे.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही काही मित्र हिमाचलमधील तीर्थन खोऱ्यात जाणार आहोत. तेथे ट्राउट मिळतो असे ऐकले. तो मूळचा तिथलाच मासा आहे का, आणि मे हा योग्य काळ आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तीर्थनमधला ब्राउन ट्राउट मूळचा युरोपातला. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली अंडी काश्मीरमध्ये यशस्वीपणे उबवली गेली. त्याआधीच्या वर्षी आलेली अंडी वाटेतच नष्ट झाली होती. काश्मीरहून हा मासा १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात आणला गेला आणि बियास व तिच्या उपनद्यांमध्ये रुळला. तिथला मूळचा ‘स्नो ट्राउट’ हा नावाने ट्राउट असला तरी कुळाने कार्पचा, म्हणजे आपल्या रोहू-महसीरचा नातलग आहे. तो गळाला लागला तर त्याला अधिक काळजीने सोडावे, कारण बाहेरून आणलेल्या ट्राउटमुळे त्याच्या वाट्याचे अन्न आणि जागा आधीच कमी झाली आहे.

मे हा काळ मध्यम आहे. वरच्या भागात बर्फ वितळू लागल्यामुळे दुपारनंतर नदी फुगते आणि गढूळ होते. म्हणून पहाटेपासून सकाळी उशिरापर्यंतचे तास कामाचे. मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीचे आठवडे आणि पावसाळा सरल्यावरचा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा काळ मी अधिक चांगला मानतो. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट पकडण्यास हिमाचलमध्ये बंदी असते, कारण तो विणीचा काळ आहे. मत्स्य विभागाचा परवाना काढल्याशिवाय दोरी पाण्यात टाकू नये.

कोणती फ्लाय, हे ठरवण्यासाठी दुकानदाराला विचारण्याआधी नदीला विचारावे. काठाजवळच्या खळाळातला एखादा दगड उचलून उलटा करून पाहावा. त्याच्या खाली चपट्या अंगाच्या मेफ्लायच्या अळ्या, दोन शेपट्यांच्या स्टोनफ्लायच्या अळ्या आणि वाळूकणांची घरटी करून राहणाऱ्या कॅडिसच्या अळ्या दिसतील. त्यांतल्या ज्या सर्वांत जास्त असतील, त्यांच्या रंगाची आणि आकाराची फ्लाय बांधावी किंवा निवडावी. पाहून झाल्यावर दगड होता तसाच ठेवावा. ट्राउट आपले बहुतेक अन्न पाण्याखालीच घेतो. त्यामुळे पृष्ठभागावर वलये दिसत नसतील तेव्हा बुडणारी ‘निंफ’ वापरावी, आणि संध्याकाळी पंख फुटलेले कीटक वर येऊन मासे उसळू लागले की तरंगणाऱ्या ‘ड्राय फ्लाय’कडे वळावे. ब्रिटनमध्येही फ्लाय अशीच त्या त्या काळातल्या कीटकांवरून ठरते : मार्च-एप्रिलमध्ये दुपारच्या वेळी काळपट ऑलिव्ह (लहान मेफ्लाय), मे-जूनमध्ये मोठी मेफ्लाय, भर उन्हाळ्यात संध्याकाळची सेज, म्हणजे पंख फुटलेली कॅडिस.

प्रश्न : माझा पुतण्या इन्व्हरनेसला असतो. त्याच्यासाठी हाताने फ्लाय बांधून पाठवाव्यात असे मनात आहे. आंबोलीच्या जंगलातील वाटेवर राखी रानकोंबड्याची पिसे पडलेली दिसतात. जुन्या सॅमन फ्लायमध्ये हीच पिसे लागतात असे वाचले. ती गोळा करून वापरावीत का?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : कृपया वापरू नयेत. आपण वाचलेली माहिती बरोबर आहे. राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांच्या टोकाला मेणासारखा चकाकणारा पिवळसर ठिपका असतो, आणि फ्लायच्या दोन्ही बाजूंना तो बसवला की लहान माशाच्या डोळ्यासारखा दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात निर्माण झालेल्या ‘जॉक स्कॉट’सारख्या फ्लायमध्ये टूकन, सोनेरी फेझंट, गिनी कोंबडी यांच्यासोबत आपल्या सह्याद्रीतल्या आणि दक्षिण भारतातल्या या पक्ष्याचेही पीस असे. या मागणीपायी आपल्याकडे त्याची मोठी शिकार झाली. आज त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. गळून पडलेले पीस आणि मारून काढलेले पीस यांत पाकीट उघडणाऱ्याला फरक ओळखता येत नाही, आणि म्हणूनच ‘फक्त पडलेली पिसे’ ही सवलत शिकाऱ्याच्याच कामी येते. मोराची गळलेली पिसे देशात बाळगता येत असली, तरी तीही परदेशी पाठवण्यास बंदी आहे.

पिसांचा मोह किती टोकाला जातो, याचे उदाहरण इंग्लंडमधील ट्रिंग येथे २००९ मध्ये दिसले. तेथील नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून जतन केलेल्या २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, आणि चोरणारा तरुण स्वतः जुन्या पद्धतीच्या सॅमन फ्लाय बांधण्यात निष्णात होता. त्यांतल्या काही पक्ष्यांचे संकलन निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी केले होते. ज्या नमुन्यांच्या माहितीच्या चिठ्ठ्या तोडल्या गेल्या, ते परत मिळूनही अभ्यासाला निरुपयोगी झाले. ही हानी भरून येणारी नाही, आणि त्या वृत्तांताने मला आजही वाईट वाटते.

माशाला दुर्मीळ पीस लागतच नाही. स्टोट्स टेल किंवा विली गनसारख्या आजच्या सॅमन फ्लाय प्रामुख्याने केसांच्या असतात, आणि त्यासाठी बकरीचे लांब, मऊ केस उत्तम चालतात. ते आपल्याकडे सहज मिळतात, साबणाने धुऊन सावलीत वाळवता येतात आणि हवे तसे रंगवताही येतात. पाण्यात त्यांची हालचाल ताठ पिसांपेक्षा कितीतरी जिवंत असते. मात्र केस असोत वा पिसे, परदेशी टपालाने पाठवण्यापूर्वी दोन्ही देशांचे प्राणिजन्य वस्तूंविषयीचे नियम तपासावेत. मला विचाराल तर पुतण्या सुटीवर आला की त्यालाच शेजारी बसवून शिकवावे. इन्व्हरनेसला साहित्याची टंचाई नाही.

सुरुवात ‘फेझंट टेल निंफ’पासून करावी. विल्टशरमधील एव्हन नदीचे रक्षक फ्रँक सॉयर यांनी ती घडवली, आणि तिच्यात गळाखेरीज दोनच वस्तू आहेत : फेझंटच्या शेपटीच्या पिसाचे तीन-चार तंतू आणि तांब्याची केसासारखी बारीक तार. दोरा मुळीच नाही. गळ छोट्या व्हाइसमध्ये, म्हणजे तो धरून ठेवणाऱ्या चिमट्यात, घट्ट बसवून तारेचे वेढे द्यावेत आणि छातीच्या जागी वेढे वाढवून उंचवटा करावा. तंतूंची टोके शेपटीसारखी थोडी मागे सोडून बांधावीत, उरलेले तंतू तारेभोवती पिळून पुढे गुंडाळावेत आणि उंचवट्यावरून मागे-पुढे दुमडून तारेनेच शेवट करावा. तार फ्लायला वजन देते, तिची चमक तंतूंतून किंचित दिसते, आणि फेझंट न मिळाल्यास पाळीव टर्कीचे तपकिरी पीस चालते. फ्लाय ओबडधोबड झाली तरी चिंता करू नये. तिचे अंग सडपातळ राहिले पाहिजे, एवढे मात्र कटाक्षाने पाहावे. नवखे लोक सामग्री नेहमी जास्त वापरतात.

प्रश्न : पकडलेला मासा सोडून दिला तर तो खरोखर जगतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नीट हाताळला तर बहुधा जगतो, निष्काळजीपणे हाताळला तर पोहत जाऊनही काही तासांनी मरतो. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून सपाट करावा. बेताची मजबूत तंगूस वापरून मासा लवकर आणावा, कारण लांबलेल्या झुंजीत तो थकून जातो. हात ओले करूनच त्याला धरावे, नाहीतर अंगावरचा संरक्षक चिकट थर निघून जातो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत आणि छायाचित्रासाठी त्याला वाळूवर ठेवू नये. जाळीत, पाण्यातच ठेवून गळ काढावा आणि तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतःच्या बळाने निसटेपर्यंत आधार द्यावा. स्कॉटलंडमध्ये गळाने पकडलेल्या सॅमनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मासे आता सोडले जातात. डिसेंबर २०२३ मध्ये अटलांटिक सॅमनची जागतिक नोंद ‘संकटाच्या जवळ’ या वर्गात गेली आणि ब्रिटनमधील सॅमन संकटग्रस्त ठरला. त्यानंतर या काळजीला पर्याय उरलेला नाही.

उन्हाळ्यात पाणी २० अंशांच्या आसपास पोचले, तर त्यात प्राणवायू कमी झालेला असतो आणि कितीही जपून सोडलेला मासा सावरेलच असे नाही. अशा दिवशी काठी पिशवीतच ठेवावी आणि पहाटे पाणी पुन्हा मोजून मगच निर्णय घ्यावा.