कुंडीतले ट्युलिप, आणि त्याहून सोपं काही

प्रश्न : ट्युलिपचे कंद मागवलेत. दिवाळीच्या सुमारास कुंडीत लावले तर रत्नागिरीत फुलतील का?

उत्तर : थेट लावू नका. त्यांना १२ ते १४ आठवडे थंडी लागते, ती कोकणात पडतच नाही. मग नुसती पानं येतात किंवा कळी पानांतच सुकते. कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ४ ते ७ अंशांवर ठेवा. शेजारी केळी, सफरचंद, चिकू अजिबात नकोत : पिकत्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. जानेवारीत ८ इंची कुंडीत पाच कंद, टोक वर, उंचीच्या दुप्पट खोल लावा. नुसती जांभ्याची माती घट्ट बसते, म्हणून कोकोपीट आणि नदीची वाळू समप्रमाणात मिसळा. समुद्राची वाळू खारट, मुळं जाळते. तरी उकाड्यात फुलं फार टिकत नाहीत आणि कंद पुन्हा सहसा फुलत नाही.

दरवर्षी फुलं हवीत तर अमरिलिसच लावा, म्हणजे मोठ्या लिलीसारख्या फुलांचं कंदाचं झाड. कंदाची मान मातीबाहेर हवी, गाडली तर पावसात कुजते. डिसेंबरपासून आठ आठवडे पाणी तोडा, मग हळूहळू सुरू करा. उन्हाळ्याच्या तोंडाला जाड, पोकळ दांडा वर येतो.