मुलगी माश्यांचे व्हिडिओ बघते म्हणून लॅपटॉप काढून घेतला?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, मार्क चांगले, तिला कीटक कसे उडतात यावर रिसर्च करायचाय आणि तुम्हाला वाटतं मिळेल ती नोकरी धरावी. इथपर्यंत ठीक, काळजी वाटणारच. पण "दिवसभर माश्यांचे व्हिडिओ बघते म्हणून लॅपटॉप काढून घेतला" हे वाचून धस्सच झालं मला. वीस वर्षांची आहे ती! आणि अख्ख्या पत्रात ती त्या व्हिडिओत नेमकं काय बघते हे एकदाही आलेलं नाही, म्हणजे तुम्ही विचारलंच नाहीये.

"इंजिनिअरिंग सोडून किड्यांच्या मागे" असं लिहिलंय तुम्ही, ते साफ चूक आहे. फळमाशी सेकंदाला साधारण 200 वेळा पंख मारते, तेही इतके तिरके धरून की विमानाचा पंख तसा धरला तर स्टॉल होऊन, म्हणजे पंखाचं उचलणारं बल एकदम घटून, विमान खाली येईल. माशी पडत नाही, कारण पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा भोवरा तयार होतो आणि तो पंखाला धरून राहतो, त्यातून जास्तीची लिफ्ट, म्हणजे वर उचलणारं बल, मिळते. 1999 मध्ये डिकिन्सन, लेमान आणि आपले संजय साने या संशोधकांनी फळमाशीच्या पंखाचं मोठ्ठं यांत्रिक मॉडेल मिनरल ऑइलच्या टाकीत सावकाश हलवून त्यावरचं बल मोजलं. तेलात का, तर पंख मोठा आणि वेग कमी केला की रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहात गतीचा जोर वरचढ की चिकटपणा, ते सांगणारा आकडा) खऱ्या माशीशी जुळवायला घट्ट द्रव लागतो. हे सगळं फ्लुइड मेकॅनिक्स आहे हो, तिच्याच सिलॅबसमधलं! साने पुढे बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत याच विषयावर लॅब चालवायला लागले.

मास्टर्स, पीएचडीच्या प्रवेश परीक्षांचं तिच्या कॉलेजातही कोणी सांगेल.

आता तिच्यासाठी. बाळा, व्हिडिओ आवडणं वेगळं आणि हे काम आवडणं वेगळं. पीएचडीला पाचेक वर्षं जातात, तेवढ्यात नोकरीला लागलेल्या मैत्रिणी पगारात खूप पुढे गेलेल्या असतात, आणि तू सेन्सरमधला नॉइज कुठून येतोय ते शोधत बसलेली असतेस. म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टच यावर कर, एक मोटर, एक पंख, द्रवाची टाकी आणि बल मोजायचा सेन्सर, एवढंच. चार महिने आकडे जुळले नाहीत आणि तरी सकाळी उठून लॅबमध्ये जावंसं वाटलं तर पुढे जा, नाही वाटलं तर नोकरी घे, त्यात कमीपणा काही नाही.

प्रोजेक्टचा विषय पुढच्या महिन्यात द्यायचाय म्हणता, तर लॅपटॉप आजच परत द्या तिला.