वाचकांचे प्रश्न : ओकायामाची कोराकुएन बाग केव्हा पाहावी?

प्रश्न : मी पुण्यात सिंहगड रस्त्याजवळ राहतो आणि पु. ल. देशपांडे उद्यानात रोज सकाळी फिरायला जातो. हे उद्यान जपानमधील ओकायामा शहरातील बागेवरून केलेले आहे, हे समजल्यापासून ती मूळ बाग पाहण्याची इच्छा आहे. मुलगी ओसाकाला नोकरी करते. तिचे म्हणणे, चेरी फुलतो तेव्हा एप्रिलच्या सुरुवातीला या. तेव्हाच जावे, की दुसरा ऋतू निवडावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या कन्येचा सल्ला चुकीचा नाही. मार्चअखेरीस आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बागेला वळसा घालून जाणाऱ्या आसाही नदीचा काठ चेरीने पांढरा-गुलाबी होतो, आणि ते दृश्य पाहण्यासारखेच असते. परंतु हा बहर जेमतेम आठवडाभर टिकतो, थंडीच्या मानाने तो पुढेमागे होतो, एखाद्या जोरदार पावसात अर्धी फुले खाली येतात, आणि आपले विमानाचे तिकीट तर चार महिने आधी काढलेले असते. शिवाय त्या दिवसांत सगळ्यांचे डोळे झाडांच्या शेंड्यांवर असतात आणि बाग पाहायची राहून जाते. जन्मात एकदाच जाणे होणार असेल, तर मी आपल्याला मेच्या मध्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ सुचवीन.

त्याचे कारण बागेच्या घडणीत आहे. ओकायामाचे दाइम्यो, म्हणजे तेथील संस्थानाचे अधिपती, इकेदा त्सुनामासा यांच्या आज्ञेवरून त्यांचे कारभारी त्सुदा नागातादा यांनी १६८७ मध्ये या बागेचे काम सुरू केले आणि १७०० मध्ये ते पुरे झाले. (त्याच १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले. त्या गडाच्या वाटेवर आज या बागेचे पुण्यातील भावंड उभे आहे, हे मला नेहमी आठवते.) सुमारे १३ हेक्टरच्या या जागेत नजरेला पहिल्यांदा जाणवते ती मोकळी हिरवळ. जपानी बाग म्हटले की दाट झाडी, शेवाळ आणि सावली आपल्या डोळ्यांसमोर येते, पण येथे आभाळ मोठे आहे. हिवाळ्यात हीच हिरवळ पिवळट तपकिरी असते आणि चेरीच्या दिवसांतही ती पुरती सावरलेली नसते. मे उजाडला की ती भरते, आणि मग तळे, टेकडी व पाण्याचा पाट यांची मांडणी कशी केली आहे ते स्पष्ट कळते.

आपण पुण्याचे उद्यान रोज पाहता, तेव्हा तळ्याकाठच्या वळणावळणाच्या पायवाटा आपल्या ओळखीच्या आहेत. तेथे गेल्यावर प्रथम युइशिनझान या टेकडीवर चढावे. ती जेमतेम ६ मीटर उंच आहे, पण सपाट जागेत तेवढी उंचीही पुष्कळ होते. वरून सावा-नो-इके हे मधले तळे दिसते आणि त्यामागे नदीपलीकडचा काळ्या रंगाचा किल्ला व मिसाओ डोंगराची रांग दिसते. किल्ला आणि डोंगर दोन्ही बागेच्या हद्दीबाहेरचे आहेत, तरी बाग आखणाऱ्याने ते आपल्या चित्रात धरलेले आहेत. जपानी भाषेत याला ‘शाक्केई’, म्हणजे उसना घेतलेला देखावा म्हणतात. शहरातील बागेला अशी पार्श्वभूमी मिळणे आणि ती तीनशे वर्षे टिकणे ही साधी गोष्ट नाही.

टेकडी उतरल्यावर र्‍युतेन नावाच्या मोकळ्या वास्तूत थोडा वेळ बसावे, आणि घाई करू नये, ही माझी विनंती आहे. तिचा खालचा मजला चारही बाजूंनी उघडा आहे, आणि आपल्याकडे चौसोपी वाड्याच्या मधोमध चौक असतो तसा तिच्या मधोमध पाण्याचा पाट आहे. पाण्याचा प्रवाह एका बाजूने घरात शिरतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. त्या उथळ पाण्यात वेगवेगळ्या रंगांचे सहा दगड मांडलेले आहेत. फळीवर बसून पाहिले की प्रत्येक दगडाभोवती पाणी वेगळ्या तऱ्हेने दुभंगते, आणि ढग सरकून ऊन आले की कोरडा वाटणारा दगड एकदम तांबूस किंवा निळसर दिसू लागतो. संपूर्ण बागेतून फिरणारा हा पाट ६४० मीटर लांबीचा आहे. पूर्वी त्याला नदीच्या वरच्या अंगाने कालवा काढून पाणी आणले जात असे, आता ते पंपाने उपसले जाते.

ही वास्तू मुद्दाम पाहावी, कारण ती वाचलेली आहे. जून १९४५ मधील हवाई हल्ल्यात ओकायामा शहर, किल्ल्याचा मुख्य बुरूज आणि बागेतील बहुतेक जुनी घरे जळाली, पण र्‍युतेन राहिले. बाकीची बाग एदो काळातील, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातील, जुन्या चित्रांच्या आणि आराखड्यांच्या आधाराने पुन्हा उभी केली गेली. एन्योतेई हे दाइम्योचे बैठकीचे घर १९६० मध्ये नव्याने बांधलेले आहे, आणि किल्ल्याचा आजचा बुरूज १९६६ मधील काँक्रीटचा आहे.

प्रश्न : या बागेच्या छायाचित्रांत भाताची खाचरे आणि चहाची झुडपे दिसतात. दाइम्योच्या बागेत शेती कशासाठी? ती नंतर पर्यटकांसाठी केली आहे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही, ती बागेइतकीच जुनी आहे. सुरुवातीला या बागेचा मोठा भाग शेतांनीच व्यापलेला होता आणि हिरवळ पुढे वाढत गेली. आज उरलेल्या खाचरांना ‘सेइदेन’ म्हणतात. प्राचीन चीनमधील झोऊ काळात जमिनीचे नऊ चौकोन पाडून कडेचे आठ आठ कुटुंबांनी स्वतःसाठी आणि मधला सर्वांनी मिळून राज्यासाठी कसावा, अशी व्यवस्था सांगितली जाते. सेइदेनची कल्पना तिच्यावरून घेतलेली आहे. राज्यकर्त्याच्या बैठकीतून शेत दिसावे, भात कोणत्या अवस्थेत आहे हे त्याला उठल्याबसल्या कळावे, यात मला केवळ शोभेपेक्षा अधिक काही दिसते.

आपण कोकणातील आहात, म्हणून जूनमधील लावणी आपण अवश्य पाहावी. पारंपरिक पोशाखातील बायका ढोलाच्या ठेक्यावर आणि गाण्याच्या चालीवर ओळीने वाकून रोपे लावत मागे सरकतात. चिखलात रोप खोचताना अंगठा आणि दोन बोटे यांची जी हालचाल होते, ती आपल्याला कोणी समजावून द्यायला नको. तेथील सुगीही आपल्यासारखीच पाऊस सरल्यावर येते. चहाची खुडणी त्याआधी, मे महिन्यात होते. लावणी आणि खुडणी या दोन्हींचे सोहळे रविवारी ठेवतात, तेव्हा त्या वर्षीची तारीख पाहूनच प्रवासाची आखणी करावी.

सेइदेनच्या बाजूलाच कमळे आहेत, त्यांची हकीकत सांगण्यासारखी आहे. मूळचे ओकायामाचे वनस्पतिशास्त्रज्ञ ओगा इचिरो यांना १९५१ मध्ये चिबा येथील उत्खननात कमळाच्या बिया सापडल्या. त्या सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. त्यांतील एक रुजली आणि पुढल्या वर्षी तिला फूल आले. त्या वाणाची गुलाबी कमळे येथे जुलैमध्ये फुलतात. बागेतील दुसऱ्या तळ्यात मोठी पांढरी कमळे असतात. दोन्ही सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटू लागतात, म्हणून जुलैत जाणाऱ्याने दार उघडताच आत असावे. कमळांसाठी एका रविवारी बाग भल्या पहाटे उघडली जाते.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. मला सुटी मिळाली तर ती डिसेंबर-जानेवारीतच मिळते. थंडीत ही बाग पाहण्यात अर्थ आहे का? सोबत आई असेल आणि तिचे गुडघे दुखतात.
— एक वाचिका, नागपूर

उत्तर : अर्थ आहे, फक्त बर्फाची अपेक्षा ठेवू नये. उत्तरेकडील डोंगर ओलसर वारे अडवतात, त्यामुळे ओकायामाला हिमवर्षाव क्वचित होतो आणि आकाश बहुतेक दिवस निरभ्र असते. नागपूरच्या थंडीपेक्षा गारठा मात्र अधिक असतो, तेव्हा आईंसाठी कानटोपी आणि जाड मोजे घ्यावेत. बागेच्या पूर्वेकडील चिशियो-नो-मोरी या राईत सुमारे १०० मेपल आहेत. ‘चिशियो’ म्हणजे रंगात पुन्हा पुन्हा बुडवून काढलेले. त्यांचा ऐन रंग नोव्हेंबरच्या उत्तरार्धात असतो, पण डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत झाडाखालची जमीन लाल मिळण्याचा संभव असतो.

जानेवारीत जाणे झाले, तर १ तारीख धरावी. त्या दिवशी बागेत पाळलेले लाल डोक्याचे क्रौंच हिरवळीवर मोकळे सोडतात. येथे पूर्वापार क्रौंच असत, पण युद्धानंतर एकही उरला नव्हता. तरुणपणी ओकायामात शिकलेले चिनी विद्वान गुओ मोरुओ यांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये चीनहून एक जोडी भेट आली आणि हा वारसा पुन्हा सुरू झाला. सुटी फेब्रुवारीपर्यंत लांबवता आली, तर हिरवळ जाळण्याचा दिवसही पाहता येईल. माळी वाळलेल्या गवताला शिस्तीने आग लावत पुढे जातात, जाळाची पट्टी सरकत राहते आणि मागे पायवाटेच्या कडेपर्यंत काळीभोर जमीन उरते. यामुळे किडीची अंडी मरतात आणि नवा कोंब जोमाने येतो. जवळच उमेची, म्हणजे जपानी आलुबुखाराची, झाडे त्याच सुमारास फुलायला लागलेली असतात.

आईंच्या गुडघ्यांची फार काळजी करू नये, कारण बाग जवळजवळ सपाट आहे. टेकडी तेवढी टाळावी. शिन-ओसाकाहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, ओकायामाला सुमारे पाऊण तासात पोहोचता येते. तेथून ट्रामने शिरोशिता थांब्यापर्यंत जाऊन पुढे दहा मिनिटे चालावे लागते, नाही तर टॅक्सी करावी. हिवाळ्यात बाग ५ वाजता बंद होते, तेव्हा दुपारी २ च्या आत पोहोचावे. दक्षिण दरवाजातून बाहेर पडून त्सुकिमी पूल ओलांडला की किल्ल्याच्या पायथ्याशी जाता येते. पुलाच्या मध्यावर थांबून मागे वळून पाहिल्यास नदी, तिच्या काठची झाडे आणि बागेचे बेट एकत्र दिसतात.