आईला आधी विचार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, नीट वाचलं. लग्न ठरलं याचा आनंद झाला, पण पत्राचा निम्मा भाग भांडणानं भरलाय. थोरले चुलते म्हणतात, आई विधवा आहे, म्हणून हळदीला आणि अक्षता पडताना आईनं पुढं यायचं नाही, तो मान काकूचा. तू म्हणतोस, स्टेजवर सगळ्यांदेखत आईच्या कपाळाला कुंकू लावणार, मित्र व्हिडिओ काढणार, अख्ख्या भावकीला दाखवून देणार. आणि मला विचारतोस, बाई, बरोबर आहे ना?

चुलत्यांचं चूक आहे. त्यात मला तिळमात्र शंका नाही. पहाटे उठून धारा काढून, डेअरीच्या बिलावर जिनं तुझी फी भरली, तिच्या पुढं येण्यानं तुझ्या संसाराला अपशकुन होईल असं मानणं हा शुद्ध अन्याय आहे. पण तुझ्या बेतातही मला एक गोष्ट सापडली नाही. एवढ्या लांब पत्रात चुलते बोलतात, तू बोलतोस, मित्र बोलतात. आई कुठंच बोलत नाही.

वडील गेले तेव्हा तू लहान होतास, बायकांच्या घोळक्यात काय चाललं होतं ते तुला दिसलं नसेल. मी अशा दारात उभी राहिले आहे. मयत उचलायच्या आधी त्या बाईला कुणीतरी बसवतं. दोघीजणी मनगटं धरतात, तिसरी बांगड्यांवर बांगड्या आपटते. काच कातडीत शिरते, त्याकडं कुणाचं लक्ष नसतं. पदराच्या टोकानं कुंकू पुसतात, मंगळसूत्र ओढतात, जोडवी काढतात. कुठं हे त्याच दिवशी होतं, कुठं रक्षाविसर्जनाला, कुठं दहाव्याला. हे सगळं होईतो त्या बाईच्या तोंडून एक शब्द येत नाही आणि यावा अशी कुणाची अपेक्षाही नसते. करणाऱ्या बायकांतही निम्म्या विधवाच असतात. त्यांच्यावर झालं तेच त्या पुढं करतात, म्हणून त्यांच्यावर दात ओठ खाऊन उपयोग नाही.

त्या दिवशी तुझ्या आईच्या कपाळाला दुसऱ्यांचे हात लागले, तिला न विचारता. आता तू न विचारता कुंकू लावायला निघालास, तर हात दुसरा असेल, पण कपाळ तिचंच आहे. हजार लोकांच्या देखत मुलानं कुंकवाची कोयरी पुढं केल्यावर ती नाही म्हणू शकेल का? आणि नको असताना हो म्हटली तर तुला कधी कळेल का?

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचं तुला ठाऊक आहेच. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की गावात बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद. कोरोनानं कितीतरी घरांतली कर्ती, तरणी माणसं नेली होती, त्यांच्या मागं राहिलेल्या पोरी डोळ्यांसमोर होत्या. दोनच दिवसांनी, ६ मेला, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. १७ मेला ग्रामविकास खात्यानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, त्याखाली कुणाला दंड होत नाही. तरी अशा कागदाची किंमत मी कमी मानत नाही. पुष्कळ माणसांना ही रीत मनातून पटत नसते, पण मोडायची कशाच्या आधारावर हे सुचत नाही. ‘गावाचाच ठराव आहे’ हे तीन शब्द अशा माणसाच्या हातात आले की त्याला भावकीत मान खाली न घालता मागं सरता येतं. तुझ्या चुलत्यांनाही अशी वाट हवी असेल. ती त्यांना ठेव.

शाहू महाराजांचं नाव घेतलंच आहे तर एक सांगते. त्यांनी १९१७ साली संस्थानात पुनर्विवाहाचा कायदा केला, हे आपण भाषणांत ऐकतो. पुढच्याच वर्षी त्यांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी शिकारीत अपघातानं गेले आणि सून इंदुमती अगदी कोवळ्या वयात विधवा झाली. महाराजांनी तिला वाड्यातल्या कोपऱ्यात बसवलं नाही. सोनतळीला तिच्या शिक्षणाची सोय केली, सोबतीला शिकायला दुसऱ्या मुली ठेवल्या. घरातून, नात्यातून विरोध झाला, तो त्यांनी सोसला. मला त्या कायद्याइतकंच हे महत्त्वाचं वाटतं. स्वतःच्या घरातल्या विधवेपुढं त्यांनी पुस्तक ठेवलं, पुढचं जगणं तिला तिच्या बुद्धीनं पाहता यावं म्हणून.

तुझा एक मित्र म्हणतो म्हणे, कुंकूच मुळात नवऱ्याच्या नावाचं, मग ते परत लावण्यात कसली सुधारणा? प्रश्न खोटा नाही आणि त्याला उडवून लावू नकोस. माझं मत एवढंच, की लावायचं की नाही हे जिचं कपाळ तिनं ठरवावं. माझे यजमान गेले तेव्हा थोरल्या जाऊबाई दारात उभ्या राहिल्या आणि आलेल्या बायकांना म्हणाल्या, “तिला काय काढायचं ते ती काढंल, तुम्ही बसा.” पुढं मंगळसूत्र मी माझ्या हातानं काढून ठेवलं आणि कुंकू ठेवलं. असं का, ते मला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. जाऊबाई फार शिकलेल्या नव्हत्या. त्यांनी केलं तेवढं तुला करायचंय.

आता विचारायचं कसं? सगळ्यांसमोर नको. सकाळी गोठ्यात ती एकटी असते तेव्हा जा, वैरण टाक आणि साधं विचार: “आई, हळद तू लावशील का? काकूनं लावली तर तुला कसं वाटंल?” पहिलं उत्तर बहुतेक “मला काय, तुमचं होऊ दे” असंच येईल. ते उत्तर धरू नकोस, इतकी वर्षं तिला तेच बोलायची सवय लावलीय. दोन दिवसांनी परत विचार. देवक बसवायला जोडपं लागतं असं ती म्हणाली, तर काका-काकूंना खुशाल बसू दे. त्यांनाही मान लागतो आणि वडिलांमागं त्यांनी तुमची ऊसतोड, पाणीपाळी बघितली आहे, ते विसरू नकोस. पण हळद मीच लावणार असं ती म्हणाली, तर मग एक पाऊलही मागं घेऊ नकोस. आणि तिनं सगळ्यालाच नाही म्हटलं, तर तेही तितक्याच सरळपणानं मान. नवऱ्यामुलीलाही आधी सांगून ठेव, म्हणजे तिच्या माहेरची मंडळी ऐन वेळी कुजबुजली तर उत्तर तीच देईल. मोबाईल मात्र त्या वेळी खिशात राहू दे.

एका दिवसाकडं लोकांचं लक्ष नसतं, तो जास्त जपायचा असतो. लग्नाआधी कासारीण घरी येते. पडवीत टोपली सोडून बसते, घरातल्या बायका-पोरी एकेक करून हात पुढं करतात, चुड्याचा आवाज होतो, थट्टामस्करी चालते. आणि घरातली विधवा बाई त्या वेळी चहाचे कप गोळा करत असते. मी किती लग्नघरांत हे बघितलंय. तिला कुणी जा म्हणत नाही, तिचं तीच आत जाते. ताईला सांग, कासारीण आली की आईला हाताला धरून शेजारी बसव. हिरव्या नको म्हणाली तर दुसऱ्या रंगाच्या भरायला सांग. पत्रिकेत निमंत्रक म्हणून आईचं नाव पहिलं घाल. ते छापखान्यात जायच्या आधी बघ, नंतर चडफडून उपयोग नाही.

आणखी एक विचारायचंय आणि हे मी जरा कडकपणे विचारते. वडिलांमागं सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं का? वारस नोंदीची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडं द्यायची असते. पुष्कळ घरांत ती नुसत्या मुलांच्या नावानं होते, किंवा विधवा बाईची हक्कसोडपत्रावर सही घेतात आणि मग सगळे मिळून तिला ‘घरची लक्ष्मी’ म्हणतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या हिश्श्यात बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हे समान वाट्याचे वारस आहेत. १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यात दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जायचा, आता तसं नाही. तिला आलेला वाटा तिचा राहतो. कारखान्याचा शेअर कुणाच्या नावावर आहे, उसाचं बिल कुणाच्या खात्यावर पडतं, हेही बघ. स्टेजवरच्या कुंकवानं तिला औषधाला शंभर रुपये मागायची पाळी टळणार नाही, या नोंदींनी टळेल.

ताईचा हिस्साही त्यातच येतो. तिनं सही करून मोकळं व्हावं असं तुझ्या मनात असेल, तर चुलत्यांशी भांडायच्या आधी ते मनातून काढ.

सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेउतारा, ऑनलाइन निघतो, फेरफाराची नक्कल तलाठ्याकडून घे. सगळे कागद घेऊन पुढच्या रविवारी दुपारी ये, मी घरीच आहे. येताना आईलाही आण. कागद तिच्यासमोरच वाचू.

तुझी,
बाई