गौरी बसवण्याआधी

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

यंदा गौरी तू बसवणार, हे वाचून डोळे भरून आले. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिलेस, चारही निराळे निघाले, मग खरी पद्धत कोणती, असं विचारतेस.

अगं, ते निराळेच असणार. कोकणात तेरड्याची गौर, कुणाकडे पाणवठ्यावरून आणलेले खडे, देशावर मुखवटे. विदर्भ-मराठवाड्यात तर त्या महालक्ष्म्याच. कुठे घावन-घाटलं, कुठे पुरण, 16 भाज्या आणि आंबील. कोकणातल्या कित्येक घरांत तिला मटणाचा नैवेद्य असतो, आणि त्यात उणं काहीच नाही. माहेरी आलेल्या लेकीला घरातलं सगळ्यांत चांगलं वाढायचं, एवढाच त्यातला भाव. म्हणूनच अनेक घरांत पहिल्या संध्याकाळी भाजी-भाकरी: दमून आलीय, आधी साधं जेवू दे! तेरडाही भाद्रपदात डोंगरउतारावर आपोआप फुलतो, तो विकत आणायची गरज पूर्वी पडतच नसे.

पंचांगात मात्र नक्षत्र बघ. अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मुळावर विसर्जन. तिथी मागेपुढे होते.

बाकी सगळं तुझ्या आजीला विचार. वही घेऊन तिच्याजवळ बस. हळदीच्या दोऱ्याला गाठी किती, पावलं उंबऱ्यापासून कुठवर, 'गौर आली, कशाच्या पावली?' याला तुमच्याकडे उत्तर काय देतात, हे तिच्या शब्दांत उतरवून घे. माझ्या सासूबाईंचं मी लिहून ठेवलं नाही. त्या गेल्या, आणि घाटल्याचं प्रमाण मला आजही जमत नाही.

एक गोष्ट मात्र रीत म्हणून पुढे नेऊ नकोस. सासरे गेल्यावर सासूबाई पहाटे चारला उठून पुरण शिजवायच्या, रांगोळीची पावलंही त्याच काढायच्या. गौर दारात आली की मात्र स्वयंपाकघराच्या चौकटीशी थांबायच्या, हळदीकुंकवाला पुढे येत नसत. मी तेव्हा नवी होते, गप्प राहिले. ते गप्प राहणं मला अजून सलतं.

तुझ्या आजोबांना जाऊन दोन वर्षं झाली ना? आजी 'मी नको' म्हणेल, मागे सरेल. तिचा हात धर, आणि उंबऱ्यावरून गौर तिच्याच हातांनी आत आण.

तुझी,
मावशी