बातम्यांमधले फुगवलेले दावे कसे ओळखावेत? आणि शंका काढली की लोक चिडतात, तेव्हा काय करावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. बातमी किंवा पोस्ट वाचताना फुगवलेला दावा ओळखायचा कसा, ही पहिली. आणि ग्रुपमध्ये शंका काढली की 'तुला सगळ्यातच खोट दिसते' असं ऐकून घ्यावं लागतं, त्याचं काय करायचं, ही दुसरी. मी बरीच वर्षं एका दैनिकात उपसंपादक होतो. वृत्तसंस्थांकडून आलेल्या बातम्या मराठीत आणायच्या, मथळे द्यायचे, पान लावायचं, हे रोजचं काम. त्यामुळे दावे कुठे फुगतात ते मी जवळून पाहिलंय. एकदा ते माझ्याच हातून झालंय, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

स्मृतिभ्रंशावरच्या एका संभाव्य औषधाची बातमी होती. प्रयोग उंदरांवर झालाय, असं मजकुरात स्पष्ट लिहिलेलं होतं. पान सोडायला दहा मिनिटं उरली होती आणि मथळ्याला जागा होती दोन कॉलमांची. 'उंदरांवरील प्रयोगात स्मृतिभ्रंश रोखण्यात यश' हे काही केल्या बसेना. मी पहिले दोन शब्द काढले. 'स्मृतिभ्रंश रोखण्यात यश' नेमकं बसलं आणि पान गेलं. दोन दिवसांनी एक गृहस्थ कात्रण घेऊन कार्यालयात आले. कडा नीट कापलेल्या, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. त्यांची आई त्यांना ओळखेनाशी झाली होती. औषध कुठे मिळेल, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी त्यांना मजकुरातली चौथी ओळ दाखवली. त्यांनी ती वाचली, कात्रणाची घडी घातली, 'बरं' म्हणाले आणि गेले.

मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. खाली मजकुरात सगळं बरोबर होतं. पण त्या दिवसापासून मी कुठलीही बातमी वाचताना आधी एकच गोष्ट शोधतो: यातला कोणता शब्द वाटेत गळाला असेल? माझ्या अनुभवात निव्वळ थापा कमी असतात. जास्त दावे फुगतात ते एखादी अट, एखादं प्रमाण, एखादं 'कदाचित' गळून पडल्यामुळे. शोधनिबंधात लिहिलेलं असतं की उंदरांना अमुक मात्रा दिल्यावर असा परिणाम आढळला. प्रसिद्धिपत्रकात मात्रा जाते. वृत्तसंस्थेच्या बातमीत 'आढळला'चं 'सिद्ध झालं' होतं. मथळ्यात उंदीर जातात. आणि फोनवर फिरताना वर 'डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत' अशी ओळ चिकटते. प्रत्येकानं थोडाच हात मारलेला असतो, पण शेवटी पराचा कावळा झालेला असतो.

यात पत्रकारच काय ते दोषी, असं मात्र समजू नका. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या २० आघाडीच्या विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिली आणि निष्कर्ष २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडले. प्राण्यांवरच्या संशोधनाच्या पत्रकांपैकी ३६ टक्क्यांमध्ये तो निष्कर्ष माणसांना लावून टाकण्याचा प्रकार सापडला. अशी फुगवाफुगवी पत्रकातच असेल, तर तीच बातम्यांमध्ये उतरण्याचं प्रमाण ८६ टक्के होतं. पत्रक संयमी असेल, तर फक्त १० टक्के. म्हणजे कितीतरी वेळा पाणी झऱ्यापाशीच गढूळ झालेलं असतं. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: फुगवलेल्या पत्रकांना बातम्यांमध्ये जास्त जागा मिळाली, असंही फारसं दिसलं नाही.

गळणाऱ्या शब्दांमध्ये सगळ्यात महागात पडतो तो 'कशाच्या तुलनेत' हा भाग. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. 'दुप्पट' हा शब्द घराघरांत पोचला. किती वरून किती, हे पोचलं नाही. आधीच्या गोळ्यांनी साधारण ७,००० स्त्रियांमागे एकीला हा त्रास होत होता, नव्या गोळ्यांनी तो दोघींना होत होता. वाढ ७,००० मध्ये एकीची. पण घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे. शिवाय गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. 'दुप्पट' खरंच होतं. एकही आकडा चुकीचा नव्हता. म्हणूनच हे उदाहरण मी सगळ्यांना सांगत असतो. दुप्पट, तिप्पट, ४० टक्क्यांनी वाढ असं काही दिसलं, की मी कागदावर दोन आकडे लिहायचा प्रयत्न करतो: शंभरात (किंवा हजारात) आधी किती, आता किती. बातमीत ते दोन्ही आकडे सापडत नसतील, तर ती बातमी मला अजून कळलेली नाही असं मी धरतो.

हेच २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाबाबत झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते पहिल्या गटात टाकलं आणि 'तंबाखूइतकंच घातक' असे मथळे सगळीकडे झळकले. त्या संस्थेचे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात. धोका किती मोठा आहे, हे सांगण्यासाठी ते नाहीतच. तंबाखू आणि असं मांस एका गटात आहेत, कारण दोन्हींबद्दलचा पुरावा भक्कम आहे. धोक्याचं माप वेगळं होतं: रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता १८ टक्क्यांनी वाढते. शंभर माणसांपैकी आयुष्यभरात पाच जणांना तो होणार असेल, तर रोज खाणाऱ्या शंभरांत तो जवळपास सहा जणांना होईल. ही वाढ दुर्लक्ष करण्यासारखी नाही, पण तंबाखूच्या जवळपासही नाही.

'किती जणांवर' हा प्रश्नही विसरू नका. २०१५ मध्येच जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकारानं मुद्दाम एक कमकुवत प्रयोग केला. जेमतेम १५ माणसं, तीन आठवडे, आणि प्रत्येकाची १८ वेगवेगळी मोजमापं. इतकी मोजमापं घेतली की एखाद्यात तरी निव्वळ योगायोगानं फरक दिसण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास जाते. त्यांच्या प्रयोगात तो फरक वजनात दिसला. चॉकलेट खाल्ल्यानं वजन लवकर उतरतं, असा निबंध पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकात आला आणि कित्येक देशांतल्या माध्यमांनी तो उचलला. किती जणांवर प्रयोग केला, हे जवळपास कोणीच विचारलं नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आपल्याला ठाऊक असतं. पण कावळा पुरेशा फांद्यांवर बसला की एखादी मोडणारच, हे आपण विसरतो.

कधी कधी शास्त्रज्ञ कमालीचे सावध असतात आणि तरीही बातमी सुटते. सप्टेंबर २०११ मध्ये 'ऑपेरा' या भौतिकशास्त्रातल्या प्रयोगाच्या गटानं सांगितलं की जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रातून इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेपर्यंत, सुमारे ७३० किलोमीटर गेलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० अब्जांश सेकंद आधी पोचल्याचं दिसतंय. त्यांनी स्वतःच म्हटलं, आमची चूक कुठे होते आहे ते इतरांनी शोधावं. प्रकाशापेक्षा वेगानं काही जाऊ शकत नाही, हे आइनस्टाइनचं म्हणणं, त्यामुळे मथळे मात्र निघाले 'आइनस्टाइन चुकला'. काही महिन्यांनी नीट न बसलेली एक फायबर केबल सापडली आणि २०१२ मध्ये प्रश्न मिटला. इथे गळालेला भाग होता 'कृपया तपासा'.

मराठी मथळ्यांपुरतं सांगायचं, तर काही शब्द दिसले की मी थांबतो. 'नेटकरी संतापले': खाली मोजा, बहुधा चार-पाच प्रतिक्रिया असतात. '९० टक्क्यांपर्यंत': या 'पर्यंत'मध्ये शून्यही येतं. 'तज्ज्ञांच्या मते': कोणत्या विषयातले आणि किती? मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल, तर डेस्कवरच्या माणसाची स्वतःची खात्री झालेली नव्हती असं समजा. आम्ही ते तसंच वापरायचो. पैशांच्या बाबतीत 'आजवरचा सर्वाधिक' असेल, तर महागाई आणि लोकसंख्या वाढली की तो आकडा वाढतोच. आणि आलेखात उभी रेघ शून्यापासून सुरू होते का, ते पाहायला दोन सेकंद लागतात.

आता जरा अवघड भाग. जो दावा आपल्याला आवडतो, त्यालाही हेच प्रश्न लावावे लागतात. 'खोटी बातमी खऱ्यापेक्षा सहापट वेगानं पसरते' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आपल्यासारख्यांना ते लगेच पटतं. त्यामागचं संशोधन खरं आहे, २०१८ साली 'सायन्स'मध्ये आलेलं. पण ते फक्त ट्विटरवरचं होतं, आणि सत्यता तपासणाऱ्या सहा संस्थांनी ज्यांची आधीच छाननी केली होती, अशाच मजकुरापुरतं. सहापट हा आकडा १,५०० जणांपर्यंत पोचायला लागलेल्या वेळाचा. जगातली प्रत्येक खोटी गोष्ट सहापट धावते, असं त्यात कुठेही नाही. हे वाक्य मीसुद्धा अटी गाळून दोनतीनदा लिहून बसलो होतो.

आणि सगळंच उडवून लावणं हेही वाचणं नव्हे. पोटातला अल्सर एका जिवाणूमुळे होतो, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन सांगत होते तेव्हा डॉक्टरांनाच ती अतिशयोक्ती वाटत होती. १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचा द्रव स्वतः पिऊन पाहिला. इतरांनी तपासलं, उपचारांनी रुग्ण बरे झाले, २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. दावा कानाला मोठा लागतो, एवढ्यावरून तो फुगवलेला ठरत नाही. म्हणून मी 'हे खोटं आहे' असं शक्यतो म्हणतच नाही. 'हे किती जणांवर केलं होतं, कुठे वाचायला मिळेल?' असं विचारतो. पुरावा द्यायची जबाबदारी दावा करणाऱ्याची, हे खरंच आहे, पण ते वाक्य चर्चेत तोंडावर फेकलं की समोरचा पुरावा शोधायचा सोडून स्वतःला वाचवायला लागतो.

लोक चिडतात त्याबद्दल मला उशिरा कळलेली गोष्ट सांगतो. आमच्या मावशीनं एकदा घरच्या ग्रुपवर एक मजकूर टाकला की कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी स्मरणशक्ती जाते. मी तिथेच, सगळ्यांसमोर, मुद्देसूद उत्तर लिहिलं. माझं म्हणणं बरोबर होतं. ती काही बोलली नाही, ग्रुपमधून मात्र आठवडाभर गायब झाली. पुढच्या वेळी तसंच काही आलं तेव्हा मी ग्रुपवर गप्प राहिलो आणि तिला फोन केला. मूळ बातमी उघडून दोघांनी मिळून वाचली, कुणावर प्रयोग झाला ते शोधलं. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "मग माझी गोळी चालू ठेवू ना रे? मी चार दिवस घेतली नाहीये."

तिनं तो मजकूर पाठवला तेव्हाही ती हेच विचारत होती. मी तिला म्हटलं, आज संध्याकाळीच डॉक्टरांना फोन करू, मी बोलतो त्यांच्याशी.